बेटकुळी आणि अर्धा तास

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांची सहल घेऊन कोयनानगरला गेलो होतो. नेहरू उद्यान पाहून झाले आणि मुले धरणाच्या भिंतीकडे पाहत उभी राहिली. १०३ मीटर हा आकडा पुस्तकात वाचणे वेगळे आणि ती भिंत समोर पाहणे वेगळे. एका मुलाने बाही वर सारली, दंड फुगवला आणि शेजारच्याला म्हणाला, "देख, मेरी मछली." आमच्या गाडीचा चालक पाटण भागातला. तो हसून म्हणाला, "मछली न्हवं रं, बेटकुळी म्हनत्यात तिला." मग भिंतीकडे मान वळवून म्हणाला, "हितं लई जणांची हाडं झिजल्यात, सर."

परत निघताना त्याने विचारले, "सर, अर्धा तास जरा आडवा होऊ का? पहाटं चारला उठलोय." मी घड्याळ पाहिले. पालकांना सातची वेळ दिली होती. "रस्त्यात चहा घेऊ की," असे म्हणून मी विषय टाळला. आम्ही सुखरूप पोहोचलो. पण मछली-बेटकुळी, झिजलेली हाडे आणि तो अर्धा तास हे काही डोक्यातून जाईना.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचे सर रजेवर गेले तेव्हा स्नायूंचा धडा माझ्याकडे आला. तो शिकवण्यासाठी वाचू लागलो आणि लक्षात आले, की त्या दिवशीची ती तिन्ही बोलणी एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. माणसाच्या अंगात बळ नेमके कुठे असते? हा प्रश्न सोपा वाटतो. त्याचे बरोबर उत्तर सापडायला मात्र माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

बेडूक, मासा आणि उंदीर

बेटकुळी म्हणजे लहान बेडूक. दंड आखडला की कातडीखाली बेडकासारखे काहीतरी वर येते, म्हणून ती बेटकुळी. उर्दूत तीच बाज़ूची मछली होते. कातडीखाली सुळकन सरकते म्हणून मासा. प्राचीन ग्रीक भाषेत 'मिस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, उंदीर आणि स्नायू. लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, आणि इंग्रजीतला 'मसल' त्यातूनच आला. कुठे बेडूक, कुठे मासा, कुठे उंदीर. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी दंड पाहिला आणि सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. कातडीखाली काहीतरी जिवंत आहे आणि ते हलते.

एवढे दिसूनही बळ कुठे आहे असे विचारले, की सगळ्यांचे बोट दुसरीकडेच जात असे. आपले वाक्प्रचार पाहा. कष्ट केले की आपण हाडाची काडे करतो, रक्ताचे पाणी करतो, घाम गाळतो. उर्दूत खून-पसीना एक करतो. हाड आले, रक्त आले, घाम आला. प्रत्यक्ष ओझे उचलणारे मांस मात्र या यादीत कुठेच नाही. आमच्या चालकालाही धरणावर झिजली ती हाडेच आठवली.

स्नायू म्हणजे काय?

मराठी पाठ्यपुस्तकात स्नायू म्हणजे दंडात, मांडीत, हृदयात असलेले आकुंचन पावणारे मांस. पण हाच शब्द हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत हाडाला हाड बांधणाऱ्या बंधासाठी वापरतात, तर बंगालीत तो मज्जातंतूसाठी वापरतात. शब्द एकच, अवयव तीन. यामागे इतिहास आहे. संस्कृतात स्नायू म्हणजे शरीरातली चिवट दोरी. धनुष्याच्या दोरीसाठीही हा शब्द वापरत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायू ९०० आणि पेशी ५०० सांगितल्या आहेत. तिथली पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आज आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याच्या जवळची गोष्ट. या ५०० पैकी ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेपासून वर. मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग गवताच्या कुंच्याने थर अलगद घासत आतले अवयव पाहण्याची रीत त्याच ग्रंथात आहे. डोळ्यांनी पाहून शिकण्याचा हा आग्रह त्या काळाच्या मानाने फार मोठा होता. पण बळाचा मान तिथेही दोरीलाच मिळाला. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव भार वाहते, तसे शरीर स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे भार वाहते, असा तिथला दृष्टांत आहे. पेशींचे काम काय, तर शिरा, हाडे आणि सांधे यांना झाकून आधार देणे. मांस म्हणजे पांघरूण.

उर्दूत पुस्तकी शब्द आहे 'अज़ला', अनेकवचन 'अज़लात'. घरात मात्र कुणी असे बोलत नाही. मान धरली की आपली अम्मी म्हणते, पट्ठे अकड़ गए. पट्ठा म्हणजे शीर, पट्ठा म्हणजे कंडरा, पट्ठा म्हणजे स्नायू. आणि पट्ठा म्हणजे वस्तादाच्या हाताखाली तयार होणारा तरणा पैलवानही. मराठीत तोच 'पठ्ठ्या' झाला. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्णींनी तमाशात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या नावामागे हाच शब्द लागला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. इथेही तेच. बळासाठी जो शब्द निवडला तो शिरेचा, दोरीचा. मांसाचा नव्हे.

जालीनूसकडून बगदादकडे

ग्रीकांचे उत्तर थोडे वेगळे होते. अलेक्झांड्रियाच्या इरॅसिस्ट्रॅटसचा समज असा, की नसांमधून एक सूक्ष्म वायू स्नायूत शिरतो, स्नायू फुग्यासारखा फुगतो आणि फुगल्यामुळे आखूड होतो. दंड फुगवणाऱ्या मुलाकडे पाहिले तर हे पटण्यासारखेही आहे. त्यानंतर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन आला. अरबी-उर्दूत यालाच जालीनूस म्हणतात. तो पर्गमॉनमध्ये ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. उघड्या जखमांतून त्याने माणसाचे शरीर पाहिले, पण शवविच्छेदन केले ते माकडांचे आणि डुकरांचे. स्नायू जोडीने काम करतात, एक आखडतो तेव्हा समोरचा सैल पडतो, आणि मज्जातंतू कापला तर स्नायू निकामी होतो, हे त्याने दाखवले. स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही, हे आजही पहिल्या धड्यात शिकवतो ते याच परंपरेतून आले. हात वाकवायला पुढची बेटकुळी लागते आणि तो सरळ करायला दंडाच्या मागचा स्नायू लागतो.

गॅलेनचे ग्रंथ बगदादला पोहोचले ते नवव्या शतकात, हुनैन इब्न इसहाकच्या हातून. हुनैन ख्रिस्ती होता. त्याने ते सुरयानी आणि अरबी भाषांत आणले. त्याआधी बरमकी वज़ीरांच्या काळात सुश्रुताचाही अरबी अनुवाद झाला होता, 'सुसरुद' या नावाने. म्हणजे ग्रीक आणि भारतीय वैद्यक एकाच शहरात, एकाच भाषेत, शेजारी शेजारी ठेवलेले होते.

या सगळ्याचा वारस इब्न सीना (९८० ते १०३७). त्याच्या 'अल-क़ानून'च्या पहिल्या भागात हाडे, स्नायू, मज्जातंतू, धमन्या आणि शिरा यांची रचना क्रमाने सांगितली आहे. स्नायू कसा बनतो याचे त्याचे वर्णन असे, की मज्जातंतू आणि बंध एकत्र येतात, त्यांचे धागे पिंजले जातात, त्या धाग्यांमधल्या फटी मांसाने भरल्या जातात आणि वरून आवरण चढते. हालचालीची शक्ती मेंदूकडून मज्जातंतूंवाटे येते. वर्णन सुबक आहे. पण मांसाचे काम काय? फटी भरणे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश सतत फिरत असतात. एकात सगळे शरीरशास्त्र सुश्रुताला ठाऊक होते, युरोपने ते चोरले. दुसऱ्यात सगळे इब्न सीनाने आधीच लिहून ठेवले होते, युरोपने ते चोरले. पाठवणारे वेगळे, मजकूर एकच. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी दुसरा संदेश येतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलण्याची जबाबदारी माझी अधिक. इब्न सीनाने आपण जालीनूसकडून घेतले हे कधी लपवले नाही. त्याचे मोठेपण विखुरलेले ज्ञान शिस्तीत मांडण्यात आहे, आणि त्या शिस्तीमुळेच बाराव्या शतकात लॅटिनमध्ये उतरलेला त्याचा ग्रंथ युरोपात कित्येक शतके शिकवला गेला. पण बळ कुठे असते या प्रश्नाचे उत्तर सुश्रुताकडे नव्हते, जालीनूसकडे नव्हते आणि इब्न सीनाकडेही नव्हते. हे मान्य केल्याने कुणाचीच उंची कमी होत नाही.

वडीलधाऱ्यांची चूक काढणे

आपल्या परंपरेत अभिमान बाळगावा अशी गोष्ट मला दुसरीकडे दिसते. अब्दुल लतीफ बगदादी हा हकीम १२०० च्या सुमारास मिसरमध्ये होता. तिथे भीषण दुष्काळ पडला आणि मृतांच्या हाडांचे ढीग साचले. जालीनूसने लिहिले होते, की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. अब्दुल लतीफने असंख्य कवट्या हातात घेऊन पाहिल्या. जबडा एकाच हाडाचा होता. जालीनूस कितीही थोर असला तरी डोळ्यांनी पाहिलेले अधिक विश्वासाचे, असे त्याने नोंदवले. एवढ्या मोठ्या उस्तादाला अदबीने 'तुमचे चुकले' म्हणणे, हे माझ्या मते शंभर फुशारक्यांपेक्षा मोठे आहे.

दुसरे नाव मन्सूर इब्न इलियासचे. शिराझच्या या हकीमाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत 'तशरीह-ए-मन्सूरी' लिहिला आणि तैमूरचा नातू पीर मुहम्मद याला अर्पण केला. त्यात पानभर मानवी आकृत्या आहेत. एकीत हाडे, एकीत मज्जातंतू, एकीत स्नायू, पुढे शिरा आणि धमन्या. स्नायूंची नावे थेट त्या आकृतीच्या अंगावर लिहिलेली आहेत. आज वर्गात आपण जो शरीराचा तक्ता टांगतो, त्याचे हे जुने भावंड.

१५४३ मध्ये पादुआच्या व्हेसॅलियसने स्वतः माणसांची शवे उघडून मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने मांसाची बाजू घेतली. स्नायूतले हे मांस शरीरातल्या इतर कशासारखे नाही आणि ओढण्याचे मुख्य काम तेच करते, असे त्याचे म्हणणे. सतराव्या शतकात डेन्मार्कच्या स्टेनोने हृदय हेही स्नायूच आहे असे ठामपणे मांडले.

आणि मग गोष्टीत खरोखरचा बेडूक येतो. डच अभ्यासक स्वामरडॅमने बेडकाच्या मांडीचा स्नायू काचेच्या नळीत ठेवला आणि नळीच्या बारीक तोंडाशी पाण्याचा एक थेंब अडकवला. आता मज्जातंतूला डिवचले की स्नायू आखडणार. बाहेरून वायू आत शिरून तो फुगत असेल, तर थेंब वर ढकलला गेला पाहिजे. थेंब वर सरकला नाही. स्नायू फुगत नव्हता. तो फक्त आकार बदलत होता, लांबीत कमी आणि रुंदीत जास्त. म्हणजे कुठून काही भरले जात नव्हते. जे घडत होते ते मांसाच्या आतच घडत होते. पुढे गॅल्वानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरच विजेचे प्रयोग प्रसिद्ध केले. बेटकुळीचे रहस्य बेडकांनीच उलगडून दिले म्हणायचे.

मांसाच्या आत

स्नायूची रचना दोरखंडासारखी आहे. दोरखंडात पेड, पेडात दोरे, दोऱ्यात धागे. स्नायूत स्नायुतंतूंचे जुडगे असतात आणि प्रत्येक स्नायुतंतू ही एक लांबच लांब पेशी असते. केसासारखी बारीक, पण काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर लांब. तिच्यात आणखी बारीक तंतुके असतात आणि त्यांवर एकाआड एक फिके-गडद पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यांची जोडी म्हणजे एक छोटी पेटी. एका मिलिमीटरमध्ये अशा सुमारे चारशे पेट्या एकापुढे एक बसतात. पेटीत दोन प्रकारचे धागे: जाड मायोसिनचे आणि बारीक ॲक्टिनचे.

२२ मे १९५४ रोजी 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता. स्नायू आखडतो तेव्हा त्यातला एकही धागा आखूड होत नाही. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधे सरकतात, इतकेच. मायोसिनला वल्ह्यासारखी असंख्य डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. विहिरीतला पोहरा हातावर हात टाकून ओढतो तसे. अशी लक्षावधी डोकी एकत्र ओढतात, तेव्हा एक घमेले उचलले जाते.

दोन हजार वर्षांच्या प्रश्नाचे हे उत्तर. बळ दोरीत नव्हते, वाऱ्यात नव्हते. ज्याला सगळ्यांनी पांघरूण किंवा भरताड समजले, त्या मांसातच होते. कंडरा आवश्यक आहे, ती ओढ हाडापर्यंत पोहोचवते. मज्जातंतू आवश्यक आहे, तो हुकूम पोहोचवतो. पण ओझे उचलते ते मांस.

या शोधानंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, कोयनेच्या धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि १९६४ पर्यंत चालले. यंत्रे होती. पण काँक्रीटमध्ये दगड बसवत उभारलेल्या त्या भिंतीमागे माणसांचे दंडही होते. धरणाचा इतिहास सांगताना आपण योजनाकर्त्यांची नावे घेतो, अभियंत्यांची घेतो. तो त्यांचा हक्क आहे. हुकूम देणारा आणि ओढ पोहोचवणारा, दोघेही लागतात. पण ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांची नावे कुठल्या फलकावर आहेत? शरीराबद्दल जी चूक आपण केली, तीच समाजाबद्दलही करतो.

दरवाजे उघडणे आणि मिटणे

वर्गात हा भाग समजावताना कोयनाच कामी आली. धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत, हे आपल्याकडच्या मुलांना पावसाळ्याच्या बातम्यांमुळे पाठ असते. १०५ टीएमसीच्या जलाशयात पाणी साठते आणि दरवाजे उचलले की ते नदीत उतरते.

स्नायुपेशीतही असे जलाशय आहेत. त्यांत पाण्याऐवजी कॅल्शियम साठवलेले असते. मज्जातंतूचा हुकूम आला, की त्या जलाशयाचे दरवाजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात उघडतात आणि कॅल्शियम धाग्यांमध्ये पसरते. ते आले की ॲक्टिनवरची अडसर बाजूला होते आणि मायोसिनला पकड मिळते. १९६० च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी कॅल्शियमची ही भूमिका उलगडली, म्हणजे साधारण कोयनेचा जलाशय पहिल्यांदा भरत होता त्याच काळात.

पण इथे एक मोठा फरक आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज करते आणि कोकणात निघून जाते. ते आपल्याला परत वर आणावे लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात आभाळातून फुकट भरते. स्नायूत पावसाळा नसतो. बाहेर पडलेले कॅल्शियम प्रत्येक वेळी पंपाने उपसून जलाशयात परत भरावे लागते. त्यासाठी ऊर्जा लागते. एटीपी नावाचे जे इंधन ओढताना खर्च होते, तेच सैल पडतानाही खर्च होते. शिवाय मायोसिनचे डोके एकदा ॲक्टिनला चिकटले, की नवे एटीपी येईपर्यंत ते सुटत नाही. म्हणजे पकडणे हे काम आहेच, पण सोडणे हेही काम आहे.

याचा पुरावा आपल्यातल्या कित्येकांनी हाताने अनुभवलेला आहे. घरात मय्यत झाली की जाणती माणसे लगेच डोळे मिटवतात, हनुवटी बांधतात आणि हातापायांचे सांधे हलक्या हाताने हलवून मोकळे करतात. उशीर केला तर गुस्ल देणे आणि कफन घालणे अवघड होते, कारण काही तासांत शरीर ताठ होते. श्वास थांबला, नवे एटीपी बनणे थांबले, आणि शेवटची पकड सुटायची राहून गेली. तो ताठरपणा बळाचा नसतो. सोडायलाही आता काही उरलेले नाही, याचा असतो. हे समजल्यावर सांधे मोकळे करण्याच्या त्या रिवाजाकडे मी अधिक आदराने पाहू लागलो.

स्नायूंचे तीन प्रकार मुले पाठ करतात: आपल्या इच्छेने चालणारे ऐच्छिक, आतड्यांत आणि रक्तवाहिन्यांत आपोआप चालणारे अनैच्छिक, आणि हृदयाचा स्नायू. मी त्यांना विचारले, यातला कधीच न थकणारा कोणता? सगळे म्हणाले, हृदय. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते. पण तेही विश्रांती घेते. शांत बसलेल्या माणसाचा एक ठोका सुमारे ०.८ सेकंदाचा. त्यात हृदयाचे खालचे कप्पे साधारण ०.३ सेकंद आखडतात आणि ०.५ सेकंद सैल असतात. आयुष्यभर काम करणारा हा स्नायू कामापेक्षा विश्रांतीत जास्त वेळ घालवतो, म्हणून तर आयुष्यभर काम करू शकतो.

हेलसिंकीचा अर्धा तास

कोयना पाटणवरून वाहत कराडला कृष्णेला मिळते. त्याच कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. या पट्ट्यातल्या तालमीत शिरले की माझ्यातला भाषाशिक्षक जागा होतो. तालीम हा शब्द अरबी. पैलवान, वस्ताद, कुस्ती, जोर, खुराक हे फारसीतून आलेले, मेहनत पुन्हा अरबी. लाल माती मात्र इथली आणि घाम सगळ्यांचा. शब्द कुणाचा हे तिथे कुणी विचारत नाही.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा बँटमवेट गटात उतरले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची लढत लांबली आणि ते हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. तरीही त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशीला सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोव्हला रौप्य.

त्या अर्ध्या तासात काय होते? १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी, पुन्हा बेडकाच्याच स्नायूवर, दाखवले होते, की दमलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि ऑक्सिजनमध्ये विश्रांती मिळाली की ते ओसरते. पुढे ए. व्ही. हिल यांनी याला ऑक्सिजनचे कर्ज म्हटले. जोराच्या कामात शरीर उधारीवर ऊर्जा उचलते आणि काम थांबल्यावर धापा टाकत ती फेडते. थकवा केवळ त्या आम्लामुळे येत नाही, हे आता कळले आहे. पण फेड करावी लागते हे खरेच. तातडीच्या इंधनाचा साठा काही मिनिटांत बराचसा भरतो, बाकीची घडी बसायला अर्धा तास आणि त्याहूनही अधिक वेळ लागतो. खाशाबांच्या मनगटात, निर्धारात काही कमी नव्हते. त्यांना कर्ज फेडायला वेळ दिला गेला नाही.

हा अर्धा तास आपल्याकडे नवा नव्हता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले गेले, की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात तोच अर्धा तास गाडीच्या चालकांसाठीही आला.

लोखंड्यांच्या काळात मायोसिनचे डोके कुणी पाहिलेले नव्हते, कॅल्शियमचा पंप कुणाला माहीत नव्हता. त्यांनी माणसे पाहिली होती. आपल्या दीनी शिकवणीतही घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आहे, आणि ताकदीपलीकडचे काम कुणाला सांगू नये, सांगितलेच तर स्वतः हात लावावा, असेही आहे. पहिली गोष्ट आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ वेळा ऐकतो. दुसरी तेवढी ऐकत नाही. मजुरी चुकती केली की हिशेब संपला, असे आपल्याला वाटते. स्नायूचा हिशेब मजुरीने संपत नाही.

त्या संध्याकाळी मी चालकाला पैसे वेळेवर दिले होते, वर चहाही पाजला होता. आणि तरी पाच तासांनंतरचा त्याचा अर्धा तास माझ्याकडे राहून गेला. मागच्या आसनांवर चाळीस मुले होती, हेही मला तेव्हा सुचले नाही.

यंदा पुन्हा सहल आहे. पालकांना दिलेल्या चिठ्ठीत परतीची वेळ साडेसात लिहिली आहे. एका पालकांनी विचारले, गेल्या वर्षी सात होती, यंदा अर्धा तास जास्त का? मी म्हणालो, तो चालकाचा आहे.